माळ्यावरचा कॅमेरा: पैसे आधी कशावर घालायचे?

दिवाळीची साफसफाई, घर बदलणं किंवा आजोबांच्या कपाटाची आवराआवर, यांपैकी काहीतरी निघतं आणि चामडी केसमधला कॅमेरा हाती लागतो. मग घरातल्या कोणाला तरी हुक्की येते: हा सुरू करायचाच. हुक्की चांगली आहे, पण खर्चाचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी दुरुस्तीवाला गाठतात, दोन-तीन हजार मोजून मोकळे होतात, मग रोलची किंमत ऐकून गार पडतात. त्याच कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह एकमेकांना चिकटत चाललेल्या असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

मी सुचवतो तो क्रम असा. आधी कॅमेऱ्यात अडकलेला जुना रोल, मग डब्यातल्या निगेटिव्ह, मग एक चाचणीचा रोल, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी, तीही मोजक्याच कॅमेऱ्यांची. तुमच्या वडिलांकडे होता तसाच दुसरा कॅमेरा आजही पैसे देऊन मिळतो. आतल्या रोलवर जे टिपलं गेलंय ते कुठल्या बाजारात मिळणार?

खाली दिलेले आकडे मुंबई-पुण्याकडच्या दुकानांतले आणि ऑनलाइन दिसणारे साधारण दर आहेत. रोल बाहेरून येतात, त्यामुळे डॉलर हलला की भाव हलतो. आकड्यांकडे अंदाज म्हणून पाहा आणि पैसे देण्यापूर्वी एक फोन करा.

झाकण उघडू नका

कॅमेरा हातात आला की अंगठा आपोआप मागच्या झाकणाच्या खटक्यावर जातो. तो आवरा. आत रोल असेल आणि झाकण उघडलं तर फिल्म जळते. घाईत उघडलंच गेलं तर ताबडतोब बंद करा. वरचे वेढे गेले तरी आतले बऱ्याचदा वाचतात.

रोल आहे का, हे न उघडता कळतं. ३५ मिमीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना वर डाव्या हाताला रोल परत गुंडाळायची घडीची छोटी मूठ असते. ती उचलून बाणाच्या दिशेनं अगदी हलकेच फिरवा. गरगर फिरली तर आत काही नाही. ताण लागला तर रोल आहे. मग तळाला असलेलं बारीक बटण दाबा आणि त्यानंतरच मूठ फिरवत राहा. बटण न दाबता जोर लावला की फिल्मची भोकं फाटतात, कधी फिल्मच तुटते. ताण सुटून मूठ मोकळी फिरायला लागली की रोल डबीत गेला असं समजा. आगफा क्लिक-३सारख्या कॅमेऱ्यात रोल मागे गुंडाळायचाच नसतो. पाठीवरच्या लाल काचेत आकडा दिसला तर आत रोल आहे. बारा आकडा ओलांडून कागद संपेपर्यंत पुढे फिरवा, सावलीत उघडा, कागद घट्ट धरून चिकटपट्टी लावा.

काही अडलं, फिरेना, आवाज विचित्र आला, तर तिथेच थांबा. फिल्म धुणाऱ्या लॅबकडे काळी पिशवी असते. तिच्यात हात घालून अंधारात रोल काढून देतात. काही जण फुकट, काही १००-२०० रुपये घेऊन.

आता हा वीस-तीस वर्षांपूर्वीचा रोल धुवायचा. डबीवर काय छापलंय ते आधी वाचा. ‘सी-४१’ असेल तर ती रंगीत फिल्मची १९७२पासून चालत आलेली आणि आजही सर्रास वापरात असलेली पद्धत आहे. नव्वदीतले कोडॅक, फुजी, कोनिका यांचे रंगीत निगेटिव्ह रोल यातच येतात. ‘कोडाक्रोम’ असेल तर त्याची मूळ धुलाई जगात २०१०च्या अखेरीस बंद झाली. पूर्व जर्मनीचे ओर्वो रोल आपल्याकडे भरपूर चालले, पण त्यांच्या जुन्या रंगीत रोलची रसायनं निराळी होती. अशा रोलमधून रंग मिळणार नाहीत, पण कृष्णधवल पद्धतीनं धुऊन चित्र मिळण्याची शक्यता राहते.

खर्च साधारण ५०० ते ८०० रुपये, स्कॅन धरून. रोल कृष्णधवल असेल तर आशा जास्त. रंगीत असेल तर धुरकट, जांभळट, दाणेदार चित्राची तयारी ठेवा. रोल किती वर्षं जुना यापेक्षा तो कुठं पडून होता याला महत्त्व आहे. पत्र्याखालच्या माळ्यावरचे तीन उन्हाळे लोखंडी कपाटातल्या दहा वर्षांपेक्षा वाईट. लॅबला आधीच विचारा, ‘जुना रोल आहे, कोणत्या पद्धतीनं धुणार?’ समोरच्यानं वर्ष आणि डबीवरचं नाव विचारलं तर तो माणूस कामाचा. नुसतं ‘हो हो, द्या’ म्हणाला तर रोल परत खिशात घाला. आणि प्रिंटचे पैसे आधी देऊ नका. धुलाई आणि साधा स्कॅन, एवढंच. काय उमटलंय ते पाहून प्रिंटचं ठरवता येतं.

बिस्किटांच्या डब्यातला ऐवज

माझ्या मते हजार रुपये खर्चायचे असतील तर ते इथे खर्चा. अल्बममधल्या ‘मॅक्सी’ प्रिंट विरल्या, फाटल्या, कोणीतरी काकांकडे नेल्या आणि परत आल्याच नाहीत. निगेटिव्ह मात्र घरातच असते, आणि तिच्यात प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो.

लॅबमध्ये निगेटिव्हच्या एका चौकटीला १० ते ४० रुपये पडतात. स्कॅन किती मोठा हवा त्यावर दर. तीनशे चौकटी वीस रुपयांनी केल्या तर सहा हजार झाले. म्हणून सरसकट सगळं देऊ नका. निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली की माणसं ओळखू येतात. लग्नात स्टेजवरच्या आहेराचे चाळीस फोटो वगळा. मागं उभी असलेली आजी आणि अंगणातली गाय निवडा. स्कॅनची लांब बाजू किमान ३,००० पिक्सेल मागा, त्यातून दहा इंची प्रिंट नीट निघते. ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’ म्हणणाऱ्या लॅबला नम्रपणे सांगा, की पेनड्राइव्ह किंवा लिंक द्या. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि तुम्ही मोठ्या स्कॅनचे पैसे दिलेले असतात.

घरच्या घरी करायचं तर एलईडीचा सपाट लाइट पॅड ६०० ते १,५०० रुपयांत येतो. त्यावर निगेटिव्ह ठेवून फोननं फोटो काढायचा आणि ॲपमध्ये उलटा करायचा. नातेवाइकांच्या ग्रुपसाठी एवढं पुरतं. टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह थेट ठेवली तर पडद्याचे ठिपके उमटतात. मध्ये काच घालून थोडं अंतर ठेवा. भिंतीवर लावायचे पाच-सहा फोटो मात्र लॅबकडूनच करून घ्या.

दोन धोक्याच्या खुणा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया कुजायला लागलाय. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि त्यांचा नंबर पहिला लावा. दुसरी खूण म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेली निगेटिव्ह. कोकणात आणि मुंबईत ही हटकून सापडते. ओढू नका, चित्राचा थर पाकिटाला लागून निघेल. तशीच सपाट ठेवून जाणकार लॅबकडे न्या.

तुमच्या हातात नेमकं काय आहे?

पुढचा सगळा खर्च या एका प्रश्नावर ठरतो, कारण काही कॅमेरे ठणठणीत असूनही त्यांना रोलच मिळत नाही.

मराठी घरांत सगळ्यात जास्त निघतो तो ३५ मिमीचा साधा कॅमेरा: याशिका एमएफ-२, कोडॅक केबी-१० किंवा त्यांच्या जातीचा. त्याच्या वरचा वर्ग एसएलआरचा: पेंटॅक्स के-१०००, निकॉनचा एफएम-१० किंवा एफएम-२, रशियन झेनिट. फोटोग्राफी शिकलेला मामा असला तर हे निघतात. मधल्या जागी याशिका इलेक्ट्रो-३५सारखे कॅमेरे, जे पुष्कळदा परदेशातून येणाऱ्या कोणीतरी आणलेले असतात. या सगळ्यांना आजचा ३५ मिमी रोल बसतो, काही अडचण नाही.

आगफा क्लिक-३ला १२० नंबरचा रुंद रोल लागतो. तोही आज बनतो आणि मिळतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. या कॅमेऱ्यात रोल एका रिळावरून दुसऱ्या रिकाम्या रिळावर जातो, त्यामुळे आत एक रिकामं रीळ असावंच लागतं. घरच्या क्लिकमध्ये ते हरवलेलं असेल तर विकत घेऊ नका. १२०चे रोल धुणाऱ्या लॅबमध्ये रिकामी रिळं पडलेली असतात, मागितलं की देतात. जुन्या कोडॅक ब्राउनीवर ६२० लिहिलेलं असेल तर फिल्म तीच, पण रीळ बारीक. १२०ची फिल्म अंधारात ६२०च्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते.

ऐंशीच्या दशकातला चपटा, लांबट हॉट शॉट कॅमेरा आठवत असेलच. त्याला ११०ची कॅसेट लागते. लोमोग्राफी ही कंपनी ती अजून बनवते, पण आपल्याकडे मागवायला महाग, धुणारे थोडे, आणि निगेटिव्ह नखाएवढी. शोकेसमध्ये ठेवा. १२६ची कॅसेट, डिस्क फिल्म, आणि १९९६ला आलेली एपीएस यांचे ताजे रोल आता बनत नाहीत. त्या कॅमेऱ्यांवर रुपयाही घालू नका.

फुकटातली तपासणी

आत रोल नाही याची खात्री झाली की झाकण उघडा. खिडकीकडे तोंड करून मागून पाहत खटका दाबा: उजेडाचा ठिपका चमकला तर शटर उघडतंय. वेगाची चकती असेल तर एक सेकंदावर लावून कान द्या, मग १/३०, मग १/५००. फरक जाणवला पाहिजे. एक सेकंदाला अडखळतंय पण १/१२५ला नीट उडतंय, असं पुष्कळ कॅमेऱ्यांचं असतं. असा कॅमेरा दुरुस्तीला न देताही उन्हातल्या फोटोंना चालतो.

फोनचा टॉर्च भिंगातून तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला दोन धागे असतील तर फोटोत काही दिसत नाही. मधोमध पांढरट पडदा असेल तर चित्र फिकं येतं. चामडी केस कितीही देखणी असली तरी बुरशीचं माहेर तीच. आठवण म्हणून जपा, पण कॅमेरा तिच्याबाहेर ठेवा.

झाकणाच्या कडेच्या खोबणीत काळा स्पंज असतो. बोट लावल्यावर तो डांबरासारखा चिकटला तर तो कुजलाय आणि तिथून उजेड आत शिरणार. हे जवळजवळ प्रत्येक जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्याचं होतं, घाबरायचं कारण नाही. दुकानात बदलून घ्यायला ५०० ते १,००० रुपये. घरी केलं तर शंभरात भागतं: कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चिकटा काढा, आणि खोबणीत काळी लोकर दाबून बसवा. बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी. एसएलआरमध्ये आरशाच्या वरही असाच स्पंज असतो. तिथे अल्कोहोल उडवायचं नाही आणि आरशाला बोट लावायचं नाही.

सेलच्या खणात हिरवी-पांढरी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, वाळू द्या, पट्टी बारीक पॉलिश पेपरनं घासा. याशिका एमएफ-२ला दोन पेन्सिल सेल लागतात, तो खर्च चाळीस-पन्नास रुपये. याशिका इलेक्ट्रोला पूर्वी ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. आता तो मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल आणि मधली पोकळी भरायला धातूची गुंडाळी घातली की कॅमेरा चालतो. सेल नसेल तर इलेक्ट्रोचं शटर एकाच वेगानं, १/५०० सेकंदानं उडतं. म्हणजे कडक उन्हात २०० आयएसओचा रोल आणि एफ-११ लावून सेलशिवायही चाचणी होते. १.३५ व्होल्टचा चपटा पाऱ्याचा सेल लागणाऱ्या कॅमेऱ्यांना कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल चालतो. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतो, सहाचं पाकीट दोन-तीनशे रुपयांत. तो काही आठवड्यांत उतरतो, पण व्होल्टेज जवळजवळ बरोबर देतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. शटर अडकलंय म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडायचं नाही, तसाच स्प्रेही मारायचा नाही. तेल पात्यांवर पसरतं, धूळ धरतं, आणि आठशेचं काम तीन हजारांचं होतं. आणि फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्याचं अंग स्क्रू काढून उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो राहू शकतो. बसणारा झटका साधा नसतो.

एका खटक्याचे किती?

खरा खर्च इथं आहे, आणि तो दर रोलला नव्यानं येतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलचा कारखाना बंद पडला, त्यामुळे आज देशात मिळणारा घरगुती वापराचा रोल बाहेरून आलेला असतो.

कोडॅक गोल्ड २००, छत्तीस फोटोंचा: साधारण ९०० ते १,२०० रुपये. कलरप्लस २०० मिळाला तर थोडा स्वस्त. अल्ट्रामॅक्स ४०० थोडा महाग. पोर्ट्रा ४००ला दीड हजारांच्या वर, आणि माळ्यावरून उतरवलेल्या कॅमेऱ्यात पोर्ट्रा घालणं म्हणजे हौसेला मोल नसणं. कृष्णधवलमध्ये फोमापॅन १०० सहा-आठशेला, इलफर्ड एचपी-५ हजाराच्या आसपास. १२०चे रोलही याच पट्ट्यात: फोमापॅन स्वस्त, कोडॅक गोल्ड हजार-बाराशे.

धुलाई आणि स्कॅन मिळून ५०० ते ८०० रुपये धरा. कृष्णधवल हातानं धुतात, म्हणून काही ठिकाणी शंभरेक जास्त.

आता भागाकार. ३५ मिमीचा रोल आणि धुलाई मिळून १,५०० ते २,०००. छत्तीसनं भागा, एका फोटोला ४० ते ५५ रुपये. क्लिक-३मध्ये रोल आणि धुलाई मिळून १,३०० ते २,०००. भागिले बारा, म्हणजे एका फोटोला शंभर ते पावणेदोनशे. हे ऐकून मन मागे सरलं तर काही बिघडलं नाही. उलट दुरुस्तीवर खर्च करण्याआधी सरलं हे बरं झालं. महिन्याला एक रोल काढणारा वर्षाला वीसेक हजार घालवतो. दिवाळी आणि गणपतीला एकेक रोल काढणाऱ्याचं चार हजारांत भागतं. बहुतेक घरांना दुसरा बेत परवडतो, आणि खरं तर पूर्वीही घरं तसेच रोल काढत होती.

चोवीसचा रोल स्वस्त दिसतो, पण धुलाई तेवढीच पडते, म्हणून छत्तीसचाच घ्या. परदेशातून येणाऱ्या भाच्याला रोल आणायला सांगण्यात आता मोठी बचत नाही. शिवाय विमानतळांवर हातातल्या सामानासाठी सीटी स्कॅनर येऊ लागलेत. त्यांच्यातून गेलेली फिल्म धुरकटू शकते. हातानं तपासायची विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असं नाही.

ऑनलाइन ‘स्वस्त रोल’ दिसला तर दोन गोष्टी पाहा. पहिली, मुदत. मुदत संपलेली फिल्म दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड देऊन वापरावी असा जुना ठोकताळा आहे, आणि मजा म्हणून तो ठीक आहे. पण चाचणीचा रोल ताजाच हवा. शिळा रोल घातला आणि फोटो बिघडले, तर दोष कॅमेऱ्याचा की फिल्मचा, हे कळायला मार्ग राहत नाही, आणि तुमचे दीड हजार रुपये वाया जातात. दुसरी गोष्ट, सिनेमाच्या फिल्मच्या लांब रिळातून कापून भरलेले रोल. चित्रं सुंदर येतात, पण अशा बहुतेक फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो आणि तिची धुलाई ईसीएन-२ नावाच्या वेगळ्या पद्धतीनं होते. न सांगता साध्या सी-४१ लॅबला दिली तर तो थर सुटून त्यांची रसायनं आणि इतरांचे रोल खराब होतात. आधी लॅबला विचारा, मगच रोल घ्या.

बाहेरून आलेल्या पाकिटबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो स्टिकर नसेल तर किंमत दुकानदाराच्या मनची. मुंबईत फोर्टमध्ये, बोरा बाजाराच्या परिसरात फोटोच्या सामानाची दुकानं आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारलं की भाव कळतो. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार सुटे भाग आणि केस शोधायला छान, पण रोल घ्यायला नव्हे.

चाचणीच्या रोलसाठी लग्न-मुंज निवडू नका. अंगण, गच्ची, रस्ता, सावली, एखादा फोटो घरात. प्रत्येक फोटोचा वेग आणि छिद्र वहीत लिहा. प्रकाशमापक बंद असेल तर उन्हाचा जुना नियम: एफ-१६ला शटरचा वेग रोलच्या आयएसओइतका. म्हणजे गोल्ड २००ला कडक उन्हात १/२५० आणि एफ-१६; मी तर एक घर उघडून एफ-११ लावा म्हणेन, कारण निगेटिव्ह फिल्मला जादा उजेड पचतो, कमी पचत नाही. क्लिक-३ला शटरचा वेग एकच आणि तोही बेताचा, म्हणून उन्हात १०० आयएसओच्या वर जाऊ नका.

दुरुस्ती: कोणाची करायची, कोणाची नाही

चाचणीचा रोल धुऊन आल्यावर निगेटिव्हच काय ते सांगते. स्कॅनमध्ये कडेला केशरी किंवा पांढरे पट्टे म्हणजे स्पंजचं काम. सगळेच फोटो काळोखे किंवा सगळेच फटफटीत म्हणजे शटर किंवा मापक. प्रत्येक फोटो एकमेकांवर चढलेला म्हणजे रोल पुढे ओढणारी यंत्रणा. या खुणा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर तो तुम्हाला ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ गळ्यात बांधू शकत नाही.

यांत्रिक एसएलआरचं उघडून साफ करणं, वंगण आणि वेग जुळवणं याला १,५०० ते ४,००० रुपये. भिंगाची बुरशी काढायला ८०० ते २,०००. दोन चिकटवलेल्या काचांच्या मध्ये गेलेली बुरशी निघत नाही, तिथे पैसे घालू नका. के-१००० किंवा एफएम-२ असेल तर हा खर्च मी बिनदिक्कत करीन, कारण हे कॅमेरे पुढची वीस वर्षं चालतात आणि त्यांना बाजारात किंमत आहे. इलेक्ट्रो-३५ला मध्यम: दोषाचं नाव कळलं असेल आणि अंदाज अडीच हजारांच्या आत असेल तर करा.

याशिका एमएफ-२, केबी-१०, क्लिक-३ यांना दुरुस्तीवाल्याचा खर्च परवडत नाही. स्पंज, सेल, सफाई एवढ्यावर चालला तर चालला. फ्लॅश बंद असेल तर फ्लॅशशिवाय उन्हात वापरा. बाबांच्याच कॅमेऱ्यातून फोटो काढायचा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी. तो हिशेब ज्याचा त्यानं करायचा. पण तेव्हाही तसाच दुसरा कॅमेरा सुट्या भागांसाठी घेणं दुरुस्तीपेक्षा कधी कधी स्वस्त पडतं.

हे काम करणारे कारागीर आता थोडे उरलेत, त्यामुळे वेळ लागतो. महिना-दीड महिना धरा आणि रोज फोन करू नका. पण कागद मात्र चोख ठेवा. कॅमेऱ्याचा आणि भिंगाचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. तपासणीचे पैसे (साधारण २०० ते ५००) पुढच्या बिलातून वजा होणार का, हे आधीच विचारा. ‘इतक्या रकमेच्या वर गेलं तर आधी विचारायचं’ हे पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेला भाग परत मागा. द्यायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा. लॅबच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असतं, की रोल खराब झाला तर फक्त कोरा रोल बदलून मिळेल. म्हणून घरातला एकुलता एक जुना रोल देताना आधी एक साधा रोल देऊन त्या लॅबचं काम पाहणं शहाणपणाचं. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पावती नसेल तर तिथेही तुमची बाजू लंगडी पडते.

गावी लॅब नसेल तर रोल कुरिअरनं पाठवतात, ८० ते १५० रुपये. रोल डबीत, डबी बबलच्या पाकिटात, आत नाव आणि ‘काय करायचं’ याची चिठ्ठी. दोन-तीन रोल साठवून एकदम पाठवा, पण एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर गोदामात पडतील असे पाठवू नका.

ठेवायचा कसा, विकायचा असेल तर

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, खर्च तीनशेच्या आत. ओल काढणारं विजेचं कोरडं कपाट सहा-सात हजारांचं येतं. दोन-तीन चांगली भिंगं असतील तरच घ्या. रंग बदलणारं जेल घेताना निळ्याऐवजी नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी मीठ असतं. ओलं झालेलं जेल स्वयंपाकाच्या तव्यावर वाळवायचं नाही. नागपूर-संभाजीनगरकडे पावसाळ्याचे तीन-चार महिने हे पुरे. रत्नागिरी, मुंबई, गोव्यात बारा महिने. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून रिकामे आठ-दहा खटके उडवा. ठेवताना शटर ताणलेलं ठेवू नका आणि सेल काढून घ्या.

विकायचं ठरलं तर आधी चाचणीचा रोल काढा आणि त्यातले चार फोटो जाहिरातीत टाका. ‘चालू आहे की नाही माहीत नाही’ म्हणून विकलेला एसएलआर बऱ्याचदा निम्म्या किमतीत जातो, आणि घेणारा पेठेतला व्यापारी असेल तर त्याला तो चालू आहे हे तुमच्या आधी कळतं.